साठी झाली म्हणून आधार चालत नाही

काका, नमस्कार.

तुम्ही लिहिलंय: "नेपाळला व्हिसा लागत नाही, ज्येष्ठांना तर आधारही चालतं, असं तुम्ही छातीठोक लिहिलंत. त्यावर विसंबून आम्ही चौघे मित्र निघालो. ६७ वर्षांचा मित्र आधार दाखवून गेला आणि मला, ६२ वर्षांच्या माणसाला, मुंबईच्या काउंटरवरून परत पाठवलं. ही नेपाळवाल्यांची मुजोरी आणि तुमची अर्धवट माहिती."

अर्धवट माहिती हा आरोप मान्य. चूक एका शब्दाची आहे, पण तुम्हाला ती तिकिटाच्या पैशाला पडली. मी 'ज्येष्ठ' लिहिलं. आपल्याकडे साठी उलटली की बँक माणसाला ज्येष्ठ धरते, तसंच तुम्ही धरलंत. नेपाळच्या प्रवासात आधारची सूट आहे ती ६५ च्या वरच्यांना आणि १५ च्या आतल्या मुलांना. बाकी प्रौढांना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार कार्ड हवं. तुम्ही तीन वर्षांनी अडकलात.

मुजोरीचं मात्र पटत नाही. तुम्हाला अडवलं ते विमान कंपनीनं, आपल्याच मुंबईत. नियमात न बसणारा प्रवासी नेला तर त्याला परत आणायचं लचांड कंपनीच्या गळ्यात पडतं, त्यामुळे काउंटरवरची मुलगी हुज्जत ऐकून घेत नाही. आणि आधार का नको, तर तो नागरिकत्वाचा पुरावाच नाही. वर्षात १८२ दिवस भारतात राहिलेल्या परदेशी माणसालाही ते मिळू शकतं. मतदार यादीत नाव फक्त नागरिकाचं.

"माझा मेव्हणा सोनौलीवरून आधारवरच गेला," हेही तुम्ही लिहिलंय. गेले असतील. गोरखपूरहून बसनं उतरून, पिशव्या घेतलेल्या गर्दीबरोबर चालत सीमा ओलांडली की बहुतेक वेळा कुणी काही विचारतच नाही. सीमा खुली आहे म्हणून ते निभावतं. विमानात तसं होत नाही, तिथे प्रत्येकाचं कार्ड हातात घेऊन बघतात.

काकू बरोबर असत्या आणि त्यांच्याकडे पासपोर्ट असता, तर कदाचित जमलं असतं. कुटुंब एकत्र निघालं असेल आणि एका प्रौढाकडे पासपोर्ट किंवा मतदार कार्ड असेल, तर बाकीच्यांना नातं सिद्ध करणाऱ्या फोटोच्या ओळखपत्रावर सोडू शकतात. मित्र कितीही जुने असले तरी ही सवलत त्यांना नाही!

पुढच्या खेपेला काकूंना नेणार असाल तर तिकीट काढण्याआधी त्यांचं मतदार कार्ड कपाटातून काढून बघा. माझ्या आईच्या कार्डावर अजून माहेरचं आडनाव आहे आणि मी तिकीट सासरच्या नावानं काढून बसलो होतो. ते नाव बदलून घेण्यात माझे दोन दिवस फोनवर गेले.

मूळ लेखातला 'ज्येष्ठ' काढून तिथे '६५ वर्षांवरील' केलंय.