कार्थेजचा खरा घात तहाच्या बोलण्यात झाला

इ.स.पू. १४६ म्हटलं की हमखास एकच किस्सा सांगितला जातो. उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं, रोमचं जुनं वैरी शहर कार्थेज जळताना बघून रोमन सेनापती स्किपिओच्या डोळ्यात पाणी आलं, त्याने ग्रीक कवी होमरच्या ओळी म्हटल्या, शेजारी इतिहासकार पॉलिबियस उभा होता त्याने ते लिहून ठेवलं, आणि मग लोक म्हणतात काय मोठ्या मनाचा माणूस. मला याचा खरंच राग येतो. अरे, शहर त्याच्याच हुकमाने जळत होतं ना!

आणि माझ्या मते कार्थेजचा निकाल आधीच लागला होता. इ.स.पू. २०१ मध्ये रोमकडून हरल्यावर झालेल्या तहात ठरलं, १०,००० टॅलंट (तेव्हाचं वजनाचं माप) चांदी ५० वर्षांत द्यायची आणि रोमला विचारल्याशिवाय युद्ध करायचं नाही. चांदी त्यांनी फेडली. पण शेजारचा न्युमिडियाचा राजा मासिनिसा त्यांची जमीन गिळत होता, रोमकडे दाद मागितली तरी निकाल बहुतेक वेळा त्याच्याच बाजूने. शेवटी कार्थेजने हत्यार उचललं, त्यातही हरले, आणि रोमला आयतं कारण मिळालं.

आता इ.स.पू. १४९ साल बघा, नंतरच्या काळातला ग्रीक इतिहासकार अ‍ॅपियनने हे सविस्तर लिहिलंय. आधी रोमची मागणी आली, मोठ्या घरांतली ३०० मुलं ओलीस द्या. दिली, बंदरावर आया जहाजाच्या दोरांना लटकून रडत होत्या. मग म्हणे हत्यारं द्या. तीही दिली, २ लाख माणसांची शस्त्रं-चिलखतं आणि २,००० दगडफेकी यंत्रं, गाड्याच्या गाड्या भरून. सगळं हातात आल्यावर कॉन्सलने (रोमचा सर्वोच्च अधिकारी) शेवटची अट सांगितली, शहर रिकामं करा, समुद्रापासून ८० स्टेडिया, म्हणजे साधारण १५ किलोमीटर आत कुठेही वसा, हे आम्ही पाडणार. ज्यांचं सगळं पोट समुद्रावर त्यांना हे सांगायचं, तेही आधी निःशस्त्र करून! याला मी युद्ध म्हणणार नाही, हा सरळ सरळ विश्वासघात आहे.

आणि तरी ते लोक उभे राहिले. देवळांचे कारखाने केले, बायका-पुरुष पाळीपाळीने रात्रंदिवस काम करत होते, रोज १०० ढाली, ३०० तलवारी. यंत्रांना दोर नव्हते म्हणून बायकांनी केस कापून दिले. असं जवळजवळ तीन वर्ष लढवलं शहर. शेवटी सहा दिवस गल्लीगल्लीत, सहा-सहा मजली घरांच्या गच्च्यांवरून लढाई, मग शहरातल्या बिर्सा या बालेकिल्ल्याच्या टेकडीवरून ५०,००० माणसं जीव वाचेल या वचनावर खाली उतरली आणि गुलाम झाली.

(तिथे मीठ पेरलं वगैरे जे सांगतात ते जुन्या एकाही लेखकाकडे नाही, ते सोडून द्या.)

त्याच वर्षी, म्हणजे इ.स.पू. १४६ मध्ये, मुम्मियस या रोमन सेनापतीने ग्रीसमधलं कॉरिंथ संपवलं. पुरुष मारले, बायका-मुलं विकली, मूर्ती जहाजात भरल्या. जमिनीवर टाकलेल्या चित्रांवर सैनिक सोंगट्या खेळताना पॉलिबियसने स्वतः पाहिले, आणि तो तर ग्रीकच, काय वाटलं असेल त्याला.

कार्थेजची ग्रंथालयं आफ्रिकेतल्या राजांना वाटून टाकली. रोमच्या सिनेटने फक्त मागो या कार्थेजच्या लेखकाचे शेतीवरचे २८ खंड लॅटिनमध्ये करून घेतले, कारण ते त्यांच्या कामाचे होते, आज तेही शिल्लक नाहीत, दुसऱ्यांनी दिलेले उतारे तेवढे उरलेत. म्हणजे आपण जे वाचतो ते जवळपास सगळं ग्रीक-रोमन लेखकांचं. म्हणून माझं म्हणणं एवढंच की हा विषय वाचायला घ्याल तेव्हा अ‍ॅपियनची ती १४९ सालची पानं आधी वाचा, वेढा आणि स्किपिओ नंतर.