‘नॉइसम’ म्हणजे गोंगाटी नव्हे

स्पर्धा परीक्षांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर इंग्रजी शब्दांचं एक चित्र फिरतं आहे आणि नागपुरातल्या अभ्यासिकांमधली मुलं त्यातला मजकूर वहीत उतरवून घेत आहेत. मजकूर थोडक्यात असा: ‘नॉइसम हे विशेषण नॉइझ आणि सम मिळून झालं. अर्थ, गोंगाटाने भरलेला. उदाहरण, मारबतीची मिरवणूक फार नॉइसम होती. लाऊडस्पीकरच्या तक्रारीत साध्या नॉइझीऐवजी हा शब्द लिहावा, इंग्रजी भारदस्त होतं. जुना अर्थ काही असो, आता सगळे असाच वापरतात.’

यातलं एकही विधान टिकत नाही. परीक्षेत यावर गुण जातात आणि अर्जात तर म्हणणंच बदलतं, म्हणून एकेक विधान तपासू.

‘नॉइझ आणि सम मिळून झाला’

इथेच सगळी चूक सुरू होते. ‘सम’ हा प्रत्यय खरा आहे. ट्रबलसम, टायरसम, होलसम, क्वारलसम या शब्दांत तोच आहे. पण मूळ शब्दाच्या शेवटी ई असेल तर प्रत्यय लागताना ती ई टिकते. टायरची टिकली, होलची टिकली, ट्रबलची टिकली. नॉइझला सम लावला असता तर स्पेलिंगमध्ये एस-ई आणि त्यापुढे पुन्हा एस आला असता. प्रत्यक्षात एन-ओ-आय-एस-ओ-एम-ई यात एकच एस आहे, आणि तो प्रत्ययाचा आहे. म्हणजे मागे उरतं ते फक्त ‘नॉय’.

कानालाही हेच कळतं. नॉइझ आणि नॉइझी यांत झेडचा उच्चार होतो. या शब्दात होत नाही. नॉय-सम असं तोडून, स्वच्छ ‘स’ने म्हणायचं. ‘नॉइझम’ असा उच्चार कोणी शिकवत असेल तर अर्थही चुकीचाच शिकवला जाणार हे धरून चालावं.

हा ‘नॉय’ मध्ययुगीन इंग्रजीतला शब्द आहे. त्याचा अर्थ त्रास, उपद्रव. आपल्या ओळखीच्या ‘अ‍ॅनॉय’चंच ते पुढचा ‘अ’ गळालेलं रूप. अ‍ॅनॉय जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मागे लॅटिनमधला ‘इन ओडिओ’ आहे, म्हणजे तिटकारा वाटावा असं. नॉइझ हा शब्दही जुन्या फ्रेंचमधूनच आला, पण वेगळ्या मुळापासून. त्याचा उगम बहुतेक अभ्यासक लॅटिन ‘नॉशिया’त, म्हणजे जहाजाच्या प्रवासात होणाऱ्या मळमळीत, शोधतात. दोन्ही शब्द एकाच दाराने इंग्रजीत शिरले, पण भावंडं नाहीत. ‘नॉक्शस’शीही या शब्दाचं रक्ताचं नातं नाही. तो लॅटिनमधल्या इजा करण्याच्या धातूपासून आला. अर्थ जवळ असल्यामुळे ही दुसरी गल्लत चांगल्या शिकवणी वर्गांतही होते.

‘अर्थ, गोंगाटाने भरलेला’

चौदाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत दिसतो तेव्हा त्याचा अर्थ अपायकारक, घातक असा आहे. दुर्गंधीचा अर्थ सोळाव्या शतकात आला आणि आज तोच मुख्य आहे: नाकाला असह्य, किळस आणणारा. त्याच्या आजूबाजूला ‘अत्यंत आक्षेपार्ह’ हा सैलसर अर्थही चालतो.

जुन्या वापराचा सगळ्यात सोपा पुरावा म्हणजे 1611 सालचं किंग जेम्स बायबल. त्यात 91व्या स्तोत्रात हे विशेषण महामारीला लावलं आहे, यहेज्केलच्या 14व्या अध्यायात हिंस्र श्वापदाला आणि प्रकटीकरणाच्या 16व्या अध्यायात माणसांच्या अंगावर उठलेल्या फोडाला. श्वापद ओरडतं म्हणून कोणी तिथे गोंगाटाचा अर्थ ओढूनताणून बसवील. फोड मात्र आवाज करत नाही. तीनही ठिकाणी बसतो तो एकच अर्थ, घातक.

आजचं इंग्रजी वाचताना या शब्दाच्या शेजारी कोणती नामं येतात तेही पाहावं: स्मेल, ओडर, स्टेंच, फ्यूम्स, ड्रेन, गटर, कोंदट गल्ली. पाणी आटलेल्या दिवसांत नाग नदीच्या काठावर येणारा दर्प, भांडेवाडीच्या कचऱ्याचा ढीग धुमसतो तेव्हाचा धूर, श्रावणसरी पडून गेल्यावर तुंबलेली नाली, यांना हे विशेषण अचूक लागतं. वर्गातली मुलं, लग्नाची वरात, फटाके, हॉर्न यांना लागत नाही. क्रियाविशेषण नॉइसमली आणि नाम नॉइसमनेस अशी रूपं आहेत, पण ती क्वचितच वाचायला मिळतात.

‘मारबतीची मिरवणूक फार नॉइसम होती’

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे रोगराई घेऊन जाणाऱ्या स्त्रीरूपातल्या मोठ्या पुतळ्या, निघतात आणि बडग्यांपुढे, म्हणजे सोबतच्या पुतळ्यांपुढे, घोषणा होतात. मिरवणुकीला आवाज असतो, खरं आहे. पण हे वाक्य इंग्रजी जाणणाऱ्या माणसाने वाचलं तर त्याला कळेल की मिरवणुकीला घाण वास येत होता. या शहराच्या एका जुन्या परंपरेबद्दल असं अजाणता लिहिलं जाणं मनाला लागतं. उलट ‘रोगराई घेऊन जा गे मारबत’ म्हणताना लोक गावाबाहेर जे काढतात, त्या रोगराईला हा शब्द जुन्या अर्थाने चपखल बसतो.

आवाजासाठी इंग्रजीत शब्दांची वाण नाही, फक्त छटा सांभाळाव्या लागतात. आनंदाने दंगा चालला असेल तर बॉइस्टरस. तावातावाने, ठासून मागणी होत असेल तर व्होसिफरस. कर्कश, घसा खरवडल्यासारखा आवाज असेल तर रॉकस. कान बधिर होत असतील तर डेफनिंग. मिरवणुकीला बॉइस्टरस म्हणावं, मोर्चाला व्होसिफरस.

‘तक्रार अर्जात हाच वापरा’

हा सल्ला नुकसान करणारा आहे. वस्तीतल्या सभागृहाच्या डीजेबद्दल ‘नॉइसम अ‍ॅक्टिव्हिटी’ असं लिहिलं, तर वाचणारा अधिकारी शब्द जाणणारा असल्यास अर्ज दुर्गंधीचा किंवा आरोग्याला धोक्याचा समजेल. जाणणारा नसल्यास अर्जात नेमकं काहीच नाही. भारतात या विषयाला 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम लागू आहेत आणि त्यातला शब्द साधा ‘नॉइझ’ आहे. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, शांतता क्षेत्रात 50 आणि 40 अशा मर्यादा त्यात दिल्या आहेत. रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. तेव्हा अर्जात एक्सेसिव्ह नॉइझ लिहावं, तारीख, वेळ, ठिकाण आणि आवाजाचं साधन द्यावं. भारदस्तपणा विशेषणाने येत नाही.

शेजारच्या गोठ्याचा किंवा उघड्या गटाराचा वास हा अर्जाचा विषय असेल तेव्हा मात्र हा शब्द जागच्या जागी आहे. इंग्लंडमध्ये 1610 सालचा अल्ड्रेडचा खटला कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. शेजाऱ्याने घराला लागून डुकरांचा गोठा केला आणि त्याच्या वासाविरुद्ध दाद मिळाली, असा तो मामला. तरीही आपल्या अर्जात फाउल स्मेल लिहिलेलं जास्त बरं, कारण ते सगळ्यांना कळतं.

‘आता सगळे असाच वापरतात’

भाषा बदलते, आणि बदलली की कोशकार नोंद घेतात. ‘फुलसम’चंच पाहा. तो आधी भरपूर या अर्थाचा होता, मग किळस यावी इतक्या अतिस्तुतीचा झाला आणि आज चांगल्या कोशांत दोन्ही अर्थ सापडतात. नॉइसमच्या बाबतीत तसं घडलेलं नाही. मेरियम-वेबस्टरमध्ये आणि कॉलिन्समध्ये गोंगाटी हा अर्थ नाही. मेरियम-वेबस्टरने तर हा शब्द नॉइझीचा समानार्थी वाटतो पण तसा नाही, असं स्वतंत्रपणे बजावलं आहे. पुष्कळ लोकांनी एकच गल्लत केली म्हणून अर्थ बदलला असं होत नाही. निदान तो बदल होईपर्यंत उत्तरपत्रिका तपासणारा जुन्याच कोशाने तपासणार.

समानार्थी शब्द विचारला की पर्यायांत ‘नॉइझी’ मुद्दाम ठेवलेला असू शकतो. तो सोडून फेटिड, मॅलोडरस, पुट्रिड, नॉक्शस यांपैकी जो असेल तो निवडावा. विरुद्धार्थी विचारला तर फ्रेग्रंट किंवा होलसम. ‘क्वाएट’ दिसला तर तो हात लावण्याचा पर्याय नाही. ‘सायलेंट’ही नाही.