चौपट अचूक? कशात आणि कुणापेक्षा?

‘एआय आता डॉक्टरांपेक्षा चौपट अचूक निदान करतो’ अशी सुरुवात असलेला संदेश बरेच महिने फिरतोय. मजकूर थोडाफार बदलतो, मुद्दे तेच: यंत्र डॉक्टरांच्या चौपट अचूक आहे, रेडिओलॉजिस्टची (एक्स-रे, स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांची) ही शेवटची पिढी, यंत्र थकत नाही आणि भेदभावही करत नाही, तेव्हा रिपोर्ट चॅटबॉटला दाखवा आणि निर्धास्त व्हा. यातला जवळपास प्रत्येक मुद्दा कुठल्या ना कुठल्या खऱ्या बातमीतून उचललेला आहे, म्हणून तो खोडायला वेळ लागतो. माझी तक्रार एआयबद्दल नाही. एआयने रुग्णांसाठी जे खरोखर करून दाखवलंय, त्यातलं या संदेशात काहीच नाही, ही तक्रार आहे.

‘चौपट अचूक’

हा आकडा मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी जून २०२५ मध्ये जाहीर केलेल्या प्रयोगातला. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलेल्या ३०४ अवघड केसेस त्यांनी कोड्यासारख्या मांडल्या. सुरुवातीला रुग्णाबद्दल दोन-चार ओळी मिळतात. मग प्रश्न विचारायचे, तपासण्या मागवायच्या. मूळ केस वाचलेला दुसरा प्रोग्राम उत्तरं देतो. शेवटी निदान सांगायचं. यंत्राची सुमारे ८५ टक्के उत्तरं बरोबर आली, डॉक्टरांची सरासरी २० टक्के. भागाकार केला की चौपट.

आता डॉक्टरांची बाजू बघा. ते २१ जण होते, सगळे जनरल मेडिसिनचे. पुस्तक उघडायचं नाही, इंटरनेटवर शोधायचं नाही, सहकाऱ्याला विचारायचं नाही, अशी अट. अडलेल्या केसमध्ये असं हात बांधून कुठलाच डॉक्टर काम करत नाही. तो वाचतो, फोन करतो, त्या विषयातल्या तज्ज्ञाकडे चिठ्ठी देतो. शिवाय अशा केसेस नियतकालिकात छापल्या जातात त्या मुळात दुर्मीळ आणि फसव्या असतात म्हणूनच.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या कोड्यांत निरोगी माणूस एकही नव्हता. दवाखान्यात येणारी बहुतेक डोकेदुखी साधी असते, आणि कुणाला स्कॅनची गरज नाही हे ओळखणं हा निदानाचा अर्धा भाग. उत्तर नक्की आहे हे आधीच ठाऊक असलेलं कोडं सोडवताना हा भाग तपासलाच जात नाही. या मर्यादा संशोधकांनी स्वतः लिहून ठेवल्या आहेत. संदेशात त्या गळल्या.

‘अचूक’ म्हणजे काय, हे एकदा कागदावर मांडून बघण्यासारखं आहे. समजा एक यंत्र आजारी माणसांपैकी ९० टक्के आजारी म्हणून ओळखतं आणि निरोगी माणसांपैकी ९० टक्के निरोगी म्हणून. ऐकायला छान. आता हजार जणांची तपासणी करा, ज्यांत खरे आजारी १० आहेत. त्यातले ९ सापडतील. उरलेल्या ९९० निरोगी माणसांपैकी ९९ जणांनाही यंत्र आजारी ठरवेल. म्हणजे पुढच्या तपासण्यांसाठी बोलावलेल्या १०८ जणांत खरे आजारी ९, दर बारा जणांमागे एक. बाकीच्या अकरा जणांची झोप उडते, सुया टोचल्या जातात, पैसे जातात. आजार जितका विरळा, तितकं हे गणित बिघडत जातं. संदेशातल्या टक्क्यांमागे हा हिशोब कधीच नसतो.

‘रेडिओलॉजिस्टची शेवटची पिढी’

हे भाकीत मोठ्या माणसाचं. आजच्या एआयचा पाया घालणाऱ्यांपैकी एक संशोधक जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्ये जाहीरपणे म्हटलं होतं की रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवावं. पाच वर्षांत, फार तर दहा वर्षांत, यंत्र त्यांच्यापेक्षा सरस होईल. पुढे २०२४ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामुळे संदेशाला आणखी वजन आलं. पण आज अनेक देशांत रेडिओलॉजिस्टचा तुटवडा आहे. आपण सरसकट बोललो, हे हिंटन यांनीही नंतर मान्य केलं.

खरी गंमत स्वीडनमध्ये घडली. तिथे नेहमीच्या पद्धतीत मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेची, प्रत्येक फिल्म दोन रेडिओलॉजिस्ट स्वतंत्रपणे वाचतात. तिथल्या चाचणीत सुमारे ८० हजार स्त्रियांचे दोन गट केले. एका गटात नेहमीची पद्धत. दुसऱ्या गटात एआयने आधी प्रत्येक फिल्मला जोखमीचा गुण दिला; कमी जोखमीच्या फिल्म एकाच डॉक्टरने वाचल्या, जास्त जोखमीच्या दोघांनी, आणि संशयाच्या जागांवर यंत्राची खूण होती. २०२३ मध्ये पहिले निष्कर्ष आले: एआयच्या गटात २४४ कर्करोग सापडले, नेहमीच्या पद्धतीत २०३. खोट्या इशाऱ्यांचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, दीड टक्का. आणि फिल्म वाचण्याचं काम ४४ टक्क्यांनी घटलं.

एआयच्या बाजूने याहून भक्कम पुरावा शोधूनही कमीच सापडतील. आणि त्यात एकाही डॉक्टरला घरी बसवलेलं नाही. यंत्राला एक नेमकं काम दिलं, कुठे जास्त डोळे लावायचे ते सांगण्याचं, आणि वाचलेला वेळ अवघड फिल्मकडे वळला.

डॉक्टरविना निर्णय देणारं यंत्रही आहे, हे लपवायचं कारण नाही. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर झालेला परिणाम ओळखणाऱ्या अशा एका यंत्रणेला अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणारी सरकारी संस्था) २०१८ मध्ये परवानगी दिली. क्षयरोगाच्या चाळणीसाठी छातीचा एक्स-रे यंत्राकडून वाचून घ्यायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली, १५ वर्षांवरच्या व्यक्तींसाठी. जिथे एक्स-रे वाचायला माणूसच नाही, तिथे हा फार मोठा फरक आहे. पण ही चाळणी आहे. क्षयाचं पक्कं निदान पुढे थुंकीच्या तपासणीतूनच होतं.

‘यंत्र थकत नाही’

नाही थकत. माणसं थकतात, त्याच्या इशाऱ्यांनी.

जंतुसंसर्गातून होणारा सेप्सिस वेळेत ओळखला नाही तर तासांत जीव जातो, म्हणून अनेक रुग्णालयांत रुग्णाच्या नोंदींवर नजर ठेवणारे प्रोग्राम बसवले आहेत. अमेरिकेत शेकडो रुग्णालयांत वापरला जाणारा असा एक प्रोग्राम मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी तपासला आणि २०२१ मध्ये निष्कर्ष छापले. दाखल रुग्णांपैकी १८ टक्क्यांसाठी इशारा वाजला होता, तरीही सेप्सिस झालेल्यांपैकी ६७ टक्के रुग्ण निसटले होते. रात्रपाळीच्या नर्सने अशा इशाऱ्याकडे दुर्लक्ष करायला शिकणं यात नवल काय?

दुसऱ्या वर्षी जॉन्स हॉपकिन्सच्या पाच रुग्णालयांतला वेगळ्या यंत्रणेचा अभ्यास आला. तिथे इशारा आला की डॉक्टर किंवा नर्सने रुग्ण पाहून तो खरा की खोटा हे नोंदवायचं होतं. ज्यांच्या बाबतीत हे तीन तासांच्या आत झालं, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण उरलेल्यांच्या तुलनेत सुमारे १९ टक्क्यांनी कमी होतं. आजार तोच, कल्पना तीच. इशारा वाजल्यावर खाटेपाशी कुणी वेळेत पोचलं का, इथे सगळं येऊन ठेपतं.

एक धोका मात्र संदेश पाठवणाऱ्यांच्या गावीही नसतो. पोलंडमधल्या चार केंद्रांत आतड्यातल्या गाठी शोधायला कोलोनोस्कोपीत, म्हणजे आतड्याच्या दुर्बिणीने केलेल्या तपासणीत, एआय आणलं. काही महिन्यांनी एआयशिवाय केलेल्या तपासण्या पाहिल्या, तर गाठी सापडण्याचं प्रमाण २८ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आलं होतं. कारण-परिणाम यातून सिद्ध होत नाही, पण सराव सुटला की नजर मंदावते ही शंका रास्त आहे.

‘भेदभाव करत नाही’

यंत्राला कुणाचा रंग किंवा जात ठाऊक नसते, हे खरं धरू. २०१९ मध्ये सायन्स नियतकालिकात आलेल्या अभ्यासातल्या अमेरिकी प्रोग्रामलाही वंश सांगितलेला नव्हता. कुणाला जादा देखभाल हवी हे तो ठरवायचा, आणि त्यासाठी आजारपणाचं माप म्हणून उपचारांवरचा खर्च धरायचा. कृष्णवर्णीयांवर खर्चच कमी होत आला होता, म्हणून तितकेच आजारी असूनही ते यादीत खाली राहिले. माप दुरुस्त केल्यावर जादा देखभालीसाठी निवडल्या जाणाऱ्यांत त्यांचं प्रमाण सुमारे १८ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर जात होतं. चूक प्रोग्रामच्या गणितात नव्हती. काय मोजायचं, हे माणसांनी ठरवलं होतं.

जागेमुळेही भेद होतो. गूगलचं डोळे तपासणारं एआय प्रयोगशाळेत उत्तम ठरलं होतं. थायलंडमधल्या ११ दवाखान्यांत ते नेल्यावर दिसलं की बहुतेक ठिकाणी अंधार करता येईल अशी खोलीच नव्हती. नर्सने काढलेल्या फोटोंपैकी २१ टक्के यंत्राने ‘स्पष्ट नाही’ म्हणून नाकारले. नाकारलं की रुग्णाला तज्ज्ञाकडे, म्हणजे दुसऱ्या गावी पाठवायचं, मग डोळा ठणठणीत का असेना. एका दवाखान्यात दोन तास इंटरनेट गेलं आणि त्या दिवशी दोनशेऐवजी शंभरच जणांची तपासणी झाली.

‘चॅटबॉटला दाखवा आणि निर्धास्त व्हा’

या मुद्द्यामुळेच हे सगळं लिहायला बसलो, कारण बाकीचे दावे वाचून कुणाचं थेट नुकसान होत नाही, याने होऊ शकतं.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १,२९८ सामान्य लोकांना आजारपणाचे लिखित प्रसंग दिले आणि काय झालं असावं, कुठे जावं हे ठरवायला सांगितलं. काहींना चॅटबॉट दिला, काहींना नेहमीसारखं हवं तिथे शोधायला मोकळीक. तोच प्रसंग जसाच्या तसा चॅटबॉटला दिला तर त्याला जवळपास ९५ टक्के वेळा संबंधित आजार ओळखता येत होता. मधे माणूस आला की हे प्रमाण ३५ टक्क्यांच्याही खाली घसरलं. चॅटबॉट न वापरणारे त्यांच्यापेक्षा मागे नव्हते.

असं का व्हावं? आपण अर्धवट सांगतो. ‘डोकं दुखतंय, मान आखडली आहे’ एवढंच लिहितो. दुखणं क्षणात, आयुष्यात कधी झालं नव्हतं इतकं तीव्र सुरू झालं, हे लिहायचं राहून जातं. मेंदूभोवती रक्तस्राव झालाय का, ही शंका नेमकी त्याच एका तपशिलावरून येते. या अभ्यासातही अशाच प्रसंगात दोघांनी जवळपास सारखी लक्षणं लिहिली. एकाला अंधाऱ्या खोलीत पडून राहायचा सल्ला मिळाला, दुसऱ्याला ताबडतोब रुग्णालय गाठायचा. डॉक्टर ‘कधी सुरू झालं? एकदम की हळूहळू?’ हे आपण न सांगता विचारतो.

रिपोर्टमधले अगम्य शब्द समजून घ्यायला, डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी करायला, आधीच्या औषधांच्या नोंदी एका कागदावर आणायला चॅटबॉट खुशाल वापरा. मीही वापरतो. पण छातीत कळ येत असेल, तोंड वाकडं झालं असेल, हात उचलत नसेल किंवा बोलणं अडखळत असेल, तर तिथे टाइप करत बसू नका, रुग्णवाहिका बोलवा. मोठी रक्तवाहिनी तुंबून झालेल्या पक्षाघातात दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. स्कॅनमधली तुंबलेली वाहिनी ओळखून पक्षाघाताच्या तज्ज्ञाच्या फोनवर थेट इशारा पाठवणारं एआय अनेक रुग्णालयांत आहे आणि ते मोलाचा वेळ वाचवतं. त्याचं काम मात्र तुम्ही स्कॅनच्या टेबलावर पोचल्यावर सुरू होतं.