पन्हाळ्यावर बॉनी-क्लाइड व्हायच्या आधी

भाच्याचं लग्न ठरलंय. प्री-वेडिंग शूट पन्हाळ्यावर. भाड्यानं घेतलेली जुनी फियाट, नवरीच्या डोक्यावर तिरकी टोपी, दोघांच्या हातात खेळण्यातली पिस्तुलं. थीम 'बॉनी अँड क्लाइड', म्हणजे १९३० च्या दशकातली अमेरिकेतली लुटारू जोडी, बॉनी पार्कर आणि क्लाइड बॅरो. हौसेला मोल नसतं, म्हणून मी गप्प होते. पण काल त्यानं घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली ताईनं, म्हणजे त्याच्या आईनं, हात जोडून लिहिलं, 'खरं प्रेम!' तिथं माझं डोकं फिरलं.

फॉरवर्ड म्हणतो: हे जोडपं म्हणजे अमेरिकेतले रॉबिनहूड. बँका लुटून गरिबांना वाटायचे, सामान्य माणसाच्या केसालाही धक्का लावला नाही. बॉनीनं कधी गोळी झाडली नाही. पोलिसांनी दोघांना निःशस्त्र असताना मारलं. १९६७ च्या सिनेमात सगळं जसंच्या तसं आहे, म्हणून त्याला दहा ऑस्कर मिळाले.

ऑस्कर दोन. दहा नामांकनं. पुढं.

बँकेनं घर काढून घेतलेला शेतकरी क्लाइडच्या पिस्तुलानं बँकेच्या पाटीवर गोळ्या झाडतो, हा सिनेमातला प्रसंग मलाही आवडतो. मंदीत लोकांचा बँकांवर राग होता, हेही खरं. पण ही टोळी बँकांपेक्षा जास्त लुटायची ती पेट्रोल पंप आणि किराणा दुकानं. हिल्सबोरोत एका दुकानदाराला त्याच्याच दुकानात मारलं. गल्ल्यातल्या चिल्लरीतून गरिबांना वाटणार काय, कपाळ?

आता 'केसालाही धक्का नाही'. एफबीआयच्या संकेतस्थळावर या प्रकरणाचं पान आहे, ते काल रात्री बसून वाचलं. मरेपर्यंत तेरा खून त्यांच्या नावावर धरले जात होते. त्यात बहुतेक पोलीस. १ एप्रिल १९३४, ईस्टरचा रविवार, टेक्सासमधलं ग्रेपव्हाइन. रस्त्याकडेला गाडी थांबलेली दिसली, बिघडली असेल म्हणून मोटारसायकलवरचे दोन पोलीस जवळ गेले. दोघांनाही गोळ्या घातल्या. त्यातल्या एकाचा गस्तीचा पहिला दिवस होता, लग्न तोंडावर आलेलं. त्याची नियोजित बायको लग्नासाठी शिवलेला पोशाख घालून त्याच्या अंत्यविधीला गेली. भाच्या, तुझ्या शूटला ही थीम चालेल?

माझे वडील हवालदार होते. बंदोबस्ताला गेले की आई ताट झाकून उंबऱ्यात बसायची, बुलेटचा आवाज येईपर्यंत. त्यामुळं मी जरा जास्त चिडले असेन. असू दे.

बॉनीच्या गोळीबद्दल अर्धं खरं आहे, मान्य करते. टोळीतला पोरगा डब्ल्यू. डी. जोन्स १९६८ च्या मुलाखतीत म्हणाला, की पाच चकमकींत तो सोबत होता, तिला गोळी झाडताना त्यानं पाहिलं नाही. पण बंदुका भरून द्यायला ती पटाईत होती, हेही त्याचंच म्हणणं.

निःशस्त्र? २३ मे १९३४ ला लुइझियानात सहा जणांनी दबा धरून त्यांना मारलं, तेव्हा गाडीत ऑटोमॅटिक रायफली, शॉटगन, पिस्तुलं आणि काडतुसांचा ढीग होता. सावध न करता गोळीबार झाला यावर कुणी बोट ठेवलं तर मी भांडणार नाही.

आणि सिनेमा? त्यात ते फ्रँक हेमरला, म्हणजे दबा धरणाऱ्या त्या सहा जणांच्या म्होरक्याला, पकडून त्याची थट्टा करतात. प्रत्यक्षात त्या सकाळपर्यंत त्यांची गाठच पडली नव्हती. हेमरच्या बायकोनं खटला भरला, निर्मात्यांना तडजोड करावी लागली.

ताई, 'खरं प्रेम' म्हणालीस ना? मेली तेव्हा बॉनीच्या बोटात तिच्या नवऱ्याची, रॉय थॉर्नटनची अंगठी होती. घटस्फोट कधी झालाच नव्हता.

राहिली ती बॉनीची पोज. बंपरवर पाय, हातात पिस्तूल, तोंडात सिगार. तो रोल १९३३ च्या एप्रिलमध्ये जॉपलिनच्या भाड्याच्या घरात सापडला. दोन पोलिसांना मारून पळताना कॅमेरा मागं राहिला होता. तू कॉपी करतोयस तो फोटो त्या रोलमधला.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. पंधरा मिनिटं शांतता. मग भाचा: 'मावशी, फियाटचा ॲडव्हान्स दिलाय गं.'

फियाट ठेव की. फियाटनं कुणाचं काय केलंय?