एमआरआय नॉर्मल आला म्हणजे पार्किन्सन नाही, असे नव्हे
रत्नागिरी-चिपळूण भागातील व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या फिरणारा, ‘मेंदूचा एमआरआय नॉर्मल आला की कंपवात नाही, गोळ्या बंद करा’ हा संदेश चुकीचा असून त्याचा उत्तरार्ध तर धोकादायक आहे. पार्किन्सनमध्ये, म्हणजेच कंपवातात, डोपामिन हे हालचालींसाठी लागणारे रसायन तयार करणाऱ्या मेंदूतील पेशी नष्ट होत जातात, पण हा ऱ्हास नेहमीच्या एमआरआयवर बहुधा दिसत नाही. मग तो काढतात कशाला? पक्षाघात, गाठ किंवा मेंदूत साठलेले पाणी यांमुळे तशीच लक्षणे उद्भवलेली नाहीत ना, हे पाहण्यासाठी. निदान मुख्यतः घरच्यांच्या सांगण्यावरून आणि प्रत्यक्ष तपासणीतून होते: मांडीवर विसावलेला हात थरथरतो, पण पेजेची वाटी उचलताच थरथर थांबते का, अंगठ्यावर तर्जनी आपटताना तिची झेप लहान होत जाते का, चालताना एक हात हलायचा राहतो का. मेंदूतील डोपामिनच्या पेशींची स्थिती दाखवणाऱ्या ट्रोडॅट स्कॅनमुळे हात कापण्याच्या साध्या विकारापासून हा आजार वेगळा ओळखता येतो, मात्र पार्किन्सनसदृश इतर काही आजारांतही हा स्कॅन बिघडलेलाच दिसतो. लेव्होडोपा हे पार्किन्सनवरील मुख्य औषध अचानक थांबवल्यास तीव्र ताप व अंग ताठरणे अशी गंभीर अवस्था ओढवू शकते. कुणी गोळ्या थांबवल्याच असतील, तर त्यांनी आजच आपल्या डॉक्टरांना गाठावे.