सोड्यानं संधिवाताची सूज उतरत नाही

"सगळ्या रोगांचं मूळ सूज. सुजेचं मूळ शरीरात साठलेलं आम्ल. ही आग शरीराला स्वतः विझवता येत नाही. आंबट बंद करा, रोज सकाळी अनशापोटी चमचाभर खायचा सोडा पाण्यात घ्या, गोळ्या सुटतील."

हा मेसेज या हिवाळ्यात आमच्या नात्यातल्या ग्रुपवर निदान पाच वेळा फिरला. नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या माझ्या मावशीनं तो मनावर घेतला. संधिवाताच्या गोळ्या बंद, सोडा सुरू आणि नागपुरात राहून ऐन हंगामात संत्री बंद. "काहून घेऊ त्या गोळ्या? सोड्यानं बरं वाटून राहिलं मले," असं ती फोनवर म्हणाली. सहाव्या आठवड्यात तिची बोटं आणि मनगटं इतकी सुजली की बांगड्या काढायला साबण लावावा लागला. मी जीवरसायनशास्त्र शिकवते. गप्प बसणं मला जमणार नाही.

आधी संत्र्याचं. संत्रं आंबट लागतं ते सायट्रिक आम्लामुळे. ते आम्ल शरीरात जळून जातं आणि मागे उरतं ते आम्लाच्या उलट, किंचित अल्कलीकडेच झुकतं. मूतखड्याच्या काही रुग्णांना डॉक्टर पोटॅशियम सायट्रेट देतात, ते लघवीतलं आम्ल कमी व्हावं म्हणूनच. तसाही रक्ताचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, ७.३५ ते ७.४५ च्या बाहेर जाऊ नये याची काळजी फुप्फुसं आणि मूत्रपिंडं दिवसरात्र घेत असतात. एका फळानं तो ढळत नाही.

"आग शरीराला स्वतः विझवता येत नाही" हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकतं, कारण गेल्या काही वर्षांतलं सर्वांत सुंदर संशोधन नेमकं याच्या उलट सांगतं. जंतू दिसला की मॅक्रोफेज नावाच्या आपल्या रक्षक पेशी खवळतात. त्यांची ऊर्जा बनवण्याची पद्धतच बदलते. अन्नातून ऊर्जा काढणारं क्रेब्स चक्र मध्येच अडतं आणि त्यातल्या सायट्रेटपासून (सायट्रिक आम्लाचंच पेशीतलं रूप) बनणाऱ्या अकोनिटेट या पदार्थाचा काही भाग एका वेगळ्या वाटेला लागतो. त्या वाटेवर तयार होतं इटाकोनिक आम्ल. हो, आम्लच! १८३६ च्या सुमारास बाऊप या रसायनशास्त्रज्ञाला ते सायट्रिक आम्ल तापवताना सापडलं होतं. पुढे बुरशीकडून ते कारखान्यात बनवून घेतलं जाऊ लागलं, प्लास्टिक आणि रेझिनसाठी. आपल्याच पेशी ते बनवतात, हे कळायला २०११ उजाडलं. कोणतं एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) ते बनवतं, ते २०१३ मध्ये उलगडलं.

हे आम्ल करतं काय? एक म्हणजे सक्सिनेट डिहायड्रोजनेज या एन्झाइमला अडवतं. खवळलेल्या पेशीत दाह, म्हणजे सुजेमागची आग, भडकवायला हेच एन्झाइम हातभार लावत असतं. दुसरं काम २०१८ मध्ये दिसलं. कीप-१ नावाचं प्रथिन एनआरएफ-२ या दुसऱ्या प्रथिनाला धरून ठेवतं. इटाकोनेट (इटाकोनिक आम्लाचं पेशीतलं रूप) कीप-१ ला चिकटलं की एनआरएफ-२ सुटतं, पेशीच्या केंद्रकात जातं आणि बचावाची जनुकं सुरू करतं. मला यातली वेळेची गोष्ट फार आवडते. इटाकोनेट बनवणारं जनुक दाहाच्या संदेशानंच जागं होतं, म्हणजे भडका सुरू होतानाच तो आवरण्याची तयारीही सुरू झालेली असते. हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांना क्षयाचा संसर्ग दिला, तर त्यांच्या फुप्फुसांत बेफाम दाह होतो आणि ते लवकर मरतात.

मेसेजमध्ये खऱ्याचा एक कण आहे, तोही सांगते. सक्सिनेट हेही आम्लापासूनचंच, आणि ते साठलं की दाह वाढवणारं आयएल-१ बीटा हे संदेशवाहक प्रथिन जास्त बनतं. म्हणजे एक आम्ल भडकवतं, दुसरं आवरतं. "आम्ल" या एका शब्दावरून काहीच ठरत नाही. लॅक्टिक आम्लाला तर त्याच मेसेजमध्ये पुढे चक्क कचरा म्हटलंय. हृदय ते इंधन म्हणून वापरतं, आणि मॅक्रोफेजमध्ये तेच दुरुस्तीची जनुकं सुरू करायला मदत करतं, हे २०१९ मध्ये दिसलं.

राहिला सोडा. "अमेरिकेत सिद्ध झालंय" असं मावशीला कुणीतरी सांगितलं होतं. २०१८ मध्ये जॉर्जियातल्या संशोधकांनी उंदीरवर्गीय प्राणी आणि काही निरोगी माणसं यांना सोड्याचं पाणी दिलं, आणि रोगप्रतिकारक पेशींचा कल दाह कमी करण्याकडे झुकलेला त्यांना आढळला, हे खरं. पण त्यांनी त्याचं कारण प्लीहेकडे जाणाऱ्या संदेशांत शोधलं. रक्तातलं आम्ल धुऊन निघालं, असं ते म्हणत नाहीत. संधिवाताच्या रुग्णांना गोळ्या सोडायला लावून सोडा दिला, असं तर त्यात कुठेच नाही.

आणि चमचाभर सोड्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला दोन ग्रॅमच्या आत, तीही मीठ, लोणचं, पापड सगळं धरून. मावशीला रक्तदाब आहे. बोटांबरोबर तिचे पायही सुजले होते, दाबलं की खळगा पडायचा. तो खळगा मी माझ्या अंगठ्यानं दाबून पाहिला आहे.

डॉक्टरांनी तिचा सोडा त्याच दिवशी बंद केला आणि मेथोट्रेक्सेट ही तिची संधिवाताची गोळी पुन्हा सुरू केली. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर जिवावर बेतते. म्हणून मी तिच्या कॅलेंडरवर प्रत्येक रविवारी लाल गोल करून दिलाय. सीआरपीची, म्हणजे दाह किती आहे ते दाखवणारी रक्ताची, पुढची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. काल गेले तेव्हा ती ओसरीत संत्रं सोलत बसली होती. साल अजून तिला नीट सोलता येत नाही. अर्धं मी सोलून दिलं.