२७ किलोचं पोरगं

आमच्या पोराला उन्हाळी फुटबॉल शिबिरात घातलं. कोल्हापुरात राहून पोरगं नुसतं क्रिकेट खेळतंय म्हटलं की पेठेतली माणसं असं बघतात जणू आपण तांबड्या रश्श्यात साखर घातली. फॉर्म चार पानी. आधार, जन्मदाखला, उंची, वजन, रक्तगट, आईचा मोबाईल. जन्मदाखला एकवेळ समजू शकतो, बारा वर्षांखालच्या टीममधून मिसरूड फुटलेले गडी खेळतात हे सगळ्यांना माहितीय. पण आधार? मी शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार दिलं, शहाणपणा केला, तर ते परत आलं. म्हणे झेरॉक्स खराब हाय, पुढचे आकडे उमटलं न्हाईत.

तिसऱ्या दिवशी बघतो तर मैदानाच्या गेटवर निवड झालेल्यांची यादी. यादी कसली, अख्खा फॉर्मच टाईप केलेला, आधार नंबरासकट. आणि तिच्यापुढं एक मामा, चष्मा कपाळावर, एकेक ओळीवर बोट ठेवून मतदारयादी तपासल्यागत वाचतायत.

"पावणं, तुमचं कितवं?"

"अकरावं," मी म्हटलं. चूक झाली.

"हां! २७ किलो!" मामा एवढ्या जोरात ओरडले की पलीकडचा ऊसाचा रसवाला मशीन बंद करून बघायला लागला. "एकशे एकतीस सेंटीमीटर आणि सत्तावीस किलो? घरात खायला घालता का न्हाई? पांढरा रस्सा पाजा की ओ!"

"मामा, तो शाकाहारी आहे."

मामांनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती मी विसरणार नाही. मग बोट पुढं सरकलं. "रक्तगट बी पॉझिटिव्ह. माझाबी त्योच. लागलं तर सांगतो. आईचा नंबर हितं हायच."

लागलं तर सांगतो! माझ्या २७ किलोच्या पोराचं रक्त!

त्याच संध्याकाळी बायकोला फोन, मुलाची उंची वाढवायची पावडर घ्या म्हणून. उंची किती ते त्या बाईला आधीच माहिती. दुसऱ्या दिवशी सहावीच्या क्लासवाल्याचा, तिसऱ्या दिवशी अजून कुणाचा. बायको म्हणते तूच कुठंतरी नंबर दिलास. इथं मात्र मला हसू येत नाही, कारण पोरगं किती वाजता कुठल्या गेटनं सुटतं तेही त्याच कागदावर होतं, आणि तो कागद कुणी कुणी मोबाईलमध्ये मारलाय देवाला ठाऊक.

म्हणून संयोजकांना गाठलं, रात्री वाचून पाठ केलेलं सगळं बोललो. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, १८ वर्षांखालच्या पोरांची माहिती वापरायला आईबापाची पडताळून घेतलेली संमती लागते, पोरांना धरून जाहिराती करायच्या नाहीत, दंड २०० कोटींपर्यंत. २०० कोटी ऐकून ते जरा सावरून बसले. मग त्यांच्या भाच्यानं मोबाईलवर शोधलं. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पोरांचं कलम लागू व्हायला तिथनं १८ महिने.

"मग अजून टाइम हाय की," संयोजक म्हणाले. चहा मागवला. "आणि सर, डेटा सेफच हाय. पावसानं भिजू नये म्हणून लॅमिनेशन केलंय, पदरचं पैसं घालून."

तडक गेटवर गेलो, म्हटलं फाडूनच टाकतो. तर लॅमिनेशन फाटतंय होय, चारी बाजूनं तार मारलेली. नखं लावून ओढत होतो, मामा शेजारी उभे राहून "डावीकडनं वडा, डावीकडनं" म्हणून कोचिंग करत होते. ओढता ओढता नजर सात नंबरवर गेली. ५१ किलो. जन्मतारीख १ जून. आमच्या आज्ज्याची पण १ जूनच होती, गुरुजींनी घातलेली.

"मामा," मी म्हटलं, "हे सात नंबरचं बघा जरा."

मामांनी चष्मा खाली घेतला आणि मला जागा करून दिली.